पाणी न सोडणारं मशीन

९ मे, शनिवार. दुपारी १२.४०

आज सकाळी माझ्याच वॉशिंग मशीनने मला बाथरूममध्ये पन्नास मिनिटं कोंडून ठेवलं. हे लिहून ठेवते आहे. भीतीने नव्हे, संतापाने.

वस्तुस्थिती अशी. मशीन सेमी-ऑटोमॅटिक, वय सतरा वर्षं. दोष दोन. पहिला, धुण्याच्या टबमधलं पाणी खाली सुटत नाही. नॉब फिरवा, पाईप हलवा, पाणी तिथेच. म्हणून कपडे कामाला येणारी नागव्वा हाताने धुते आणि मशीन फक्त पिळायला वापरलं जातं. दुसरा, पिळताना मशीन चालायला लागतं. म्हणजे जागा सोडून चालायला. मागच्या पॅसेजमध्ये नळाजवळून निघतं ते बाथरूमच्या दाराकडे येतं. एरवी मी त्याच्यावर बसून पेपर वाचते, त्यामुळे ते जागच्या जागी गुरगुरतं. आज वेळ वाचवावा म्हणून बटण लावलं आणि आंघोळीला गेले. बाथरूमचं दार बाहेर उघडतं. पुढचं लिहायची गरज नाही.

नागव्वाकडे पुढच्या दाराची किल्ली असते. ती साडेनऊला आली, कंबर लावून एका धक्क्यात मशीन सरकवलं आणि म्हणाली, "आक्का, आत काय करायलाव एवढा वेळ?" पण तोवर माझ्या हाका ऐकून शेजारचे प्रभुलिंग पॅसेजच्या जाळीपाशी येऊन उभे राहिले होते आणि बाहेरून मार्गदर्शन करत होते. "घाबरू नका मॅडम. मोठा श्वास घ्या." टॉवेलमधल्या बाईला मोठा श्वास घ्यायला सांगणारा माणूस.

सायंकाळी ६.१५

प्रभुलिंगांनी यशपालला फोन करून सगळं कळवलं. माझ्या मुलाचा नंबर ह्यांच्याकडे कसा, ही चौकशी नंतर. यशपालने पुण्याहून फोन केला. ओरडला नाही. तो ओरडत नाही तेव्हा काळजी करावी. म्हणाला, "आई, एकतीसला मी आणि प्रतिक्षा येतोय. तोपर्यंत ते मशीन घरातून काढून टाक. मग पुढचं काय ते बघू."

पुढचं काय ते बघू. मी मूर्ख नाही. पुढचं म्हणजे पुणे. मुला-सुनेचा फ्लॅट, अकरावा मजला, कोपऱ्यातली खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीचा अकरावा मजला. उतरायला लिफ्ट, बोलायला वॉचमन. आणि ह्या घराची किल्ली प्रभुलिंगांकडे.

निर्णय: एकतीस तारखेच्या आत मशीन बाहेर. एकटी बाई आपलं घर चालवू शकते ह्याचा तो पुरावा. बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात मी डेड स्टॉक सांभाळला. एकशे चौदा खुर्च्या, नऊ टाइपरायटर आणि एक जीप मी निर्लेखित केली आहे, म्हणजे निकामी ठरवून रजिस्टरमधून कायमची उडवली आहे. एक मशीन म्हणजे चार दिवसांचं काम. बावीस दिवस ही चैन झाली.

१० मे, रविवार

पाण्याचा दिवस. दर पाचव्या दिवशी येणारा नळ पावणेसहाला आला. नागव्वाने पिंप, बादल्या, हंडे, कुकर, पुरणाचं पातेलं असं सगळं भरलं आणि शेवटी नेहमीप्रमाणे मशीनचा टब. त्यात सहज पाच बादल्या बसतात आणि थेंबभर गळत नाही. पुढच्या पाण्यापर्यंतचं भांडी-फरशी त्यावर निघतं. ही तात्पुरती व्यवस्था आहे. सहा वर्षं झाली.

टिपण तयार केलं. मार्ग तीन: विक्री, दान, भंगार. ह्याच क्रमाने. तिसऱ्यावर वेळ येणार नाही.

११ मे, सोमवार

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली. कॉन्व्हेंटमध्ये अर्धं खरं बोलल्याबद्दल सिस्टर बेनेडिक्टांनी मला शंभर ओळी लिहायला लावल्या होत्या. तेव्हापासून मी पूर्णच बोलते. मजकूर:

"विकणे आहे. वॉशिंग मशीन, सतरा वर्षं जुनं. धुण्याच्या भागातून पाणी सुटत नाही. पिळण्याचा भाग उत्तम, परंतु चालू असताना वर एक प्रौढ व्यक्ती बसणे आवश्यक. झाकणाला एक पोचा आहे, तो माझ्या कै. यजमानांच्या बसण्यामुळे. घासाघीस करणाऱ्यांनी येऊ नये."

संध्याकाळपर्यंत तीन जणांनी हात जोडले. एकीने विचारलं, "यजमान कधी गेले?" नऊ वर्षं झाली बाई, आणि मी मशीन विकते आहे.

१२ मे, मंगळवार

गिऱ्हाईक आलं. फोनवर. वैरागचे मल्लप्पा नावाचे व्यापारी. प्रभुलिंगांचे साडू निघाले, जाहिरात त्यांनीच पुढे पाठवली होती. अतिशय नम्र माणूस. म्हणाले, "ताई, पाणी अजिबात सुटत न्हाय म्हणता ते खरं हाय का?" मी म्हटलं, मी खोटं बोलत नाही. तर ते खूश. "मग माझ्या कामाचं हाय की. उद्या टेम्पो घेऊन येतो. तुमी फक्त दार उघडा."

मी सहज विचारलं, कुटुंबात किती माणसं. तर म्हणाले, कपड्यांसाठी नाही, आलं धुवायला. शेतातून मातीसकट आलं येतं, ते टबमध्ये टाकायचं, गरगर फिरवायचं.

त्या टबमध्ये मुलाचे शाळेचे युनिफॉर्म धुतले आहेत. माझ्या प्रमोशनच्या पैशातून, घरच्यांचा विरोध पत्करून घेतलेली ती वस्तू आहे. हे तर वर्षभर तिच्या बटणांना हात लावायला भ्यायचे. तिच्यात आता चिखल? मी सांगितलं, वॉशिंग मशीन कपड्यांसाठी असतं आणि वस्तूचा गैरवापर मला मान्य नाही. ते म्हणाले, "बरं ताई, मन बदललं तर सांगा."

मन बदलणाऱ्यांपैकी मी नाही. विक्री हा मार्ग बाद, कारण लोकांची लायकी नाही. दान.

१४ मे, गुरुवार. ४४ डिग्री

शहराबाहेरच्या एका महिलाश्रमाला फोन लावला. पलीकडच्या बाईला घाई होती. मी "मला आपल्याकडे" एवढं म्हणाले तोच तिने विचारलं, "वय?" मी म्हटलं, सतरा. ती म्हणाली, "सतरा? आमच्याकडे साठच्या पुढच्या घेतात." मी खुलासा केला की मशीन द्यायचं आहे. तर ती म्हणाली, चालू वस्तूच घेतो. आणि फोन ठेवता ठेवता, मऊ आवाजात, "तुम्हाला नाही ना यायचं, मॅडम? एक जागा आहे आत्ता."

फोन मी ठेवला. आपटला म्हणता येणार नाही. फोनची काच आधीच तडकलेली होती.

१५ मे, शुक्रवार

पाण्याचा दिवस. टब भरून झाल्यावर नागव्वाला बसवून चहा दिला आणि सांगितलं की मी मशीन तिला देऊन टाकते आहे. आभार मानू नकोस, असंही सांगितलं. ती मानत नव्हतीच. म्हणाली, "माझं घर आठ बाय दहा हाय. मशीन ठिवू का माणसं? आन ह्याला पाणी कुटनं आणू? दोन हंडे तर पिऊन टाकतंय ते." मग टबाकडे बोट करून म्हणाली, "आक्का, ते गेलं तर पाणी कुटं भरायचं?"

मी म्हटलं, एक पिंप आणू. ती म्हणाली, "तेच म्हणायलीय मी सा वर्सं."

१७ मे, रविवार

पिंप बघायला मंगळवार पेठेत. निळं होतं, ते गॅरेजमध्ये शोभेल. काळं होतं, त्याला रॉकेलचा वास. तिसरं चांगलं होतं पण झाकण दुसऱ्याच पिंपाचं, आणि दुकानदार म्हणाला, "झाकणाचं काय एवढं, आज्जी." मी निघून आले. आज्जी.

१९ मे, मंगळवार

प्रभुलिंग स्वतःहून दुरुस्तीला आले. स्क्रू-ड्रायव्हर, पकड, आणि चष्म्यावर आणखी एक चष्मा. आयुष्यभर सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये होते, म्हणजे यंत्रांची नावं त्यांना पाठ आहेत. मी विचार केला, दुरुस्त झालं तर आश्रमवाली घेईल, आणि यशपालसमोर ताठ मानेने सांगता येईल. परवानगी दिली.

दोन तास चाललं. तीन स्क्रू उरले. ते म्हणाले, कंपनीवाले जास्तीचेच लावतात. मग नॉब फिरवला आणि खरोखर, टबातलं उरलेलं पाणी खळाळत पाईपातून मोरीत गेलं. सहा वर्षांनी. नागव्वाने तोंडावर पदर धरला. प्रभुलिंगांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की चहाबरोबर खारी द्यावी लागली.

आश्रमाला उद्या फोन. काम फत्ते, अकरा दिवस शिल्लक.

२० मे, बुधवार. सकाळी ९.३०

सर्वनाश.

पहाटे पाणी आलं. नागव्वाने सवयीप्रमाणे टब काठोकाठ भरला. मी आठला चहाचा कप घेऊन गेले, झाकण उघडलं, तर तळ. पाच दिवसांचं पाणी पाईपातून मोरीत, मोरीतून भिंतीखालच्या चरात, आणि चरातून प्रभुलिंगांच्या जास्वंदीला. जास्वंद टवटवीत आहे. आधी पाणी सुटत नव्हतं, आता थांबत नाही. नॉब कसाही फिरवा.

त्या माणसाने माझं चांगलं बिघडलेलं मशीन दुरुस्त करून ठेवलं.

आता फरशी, भांडी, मोरी सगळं दोन पिंपांवर पंचवीस तारखेपर्यंत. नागव्वाने पिंपात डोकावून बघितलं आणि एकच शब्द बोलली. तो कानडीत होता. मी अर्थ विचारला नाही.

२१ मे, गुरुवार

प्रभुलिंगांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की मशीन पूर्वीच्या स्थितीत आणून द्या. ते म्हणाले, "मॅडम, म्हणजे बिघडवून देऊ?" मी म्हटलं, शब्दाचा कीस काढू नका. त्यांनी सायकलच्या ट्यूबचा बूच करून आतून ठोकला, वरून फटी बुजवायची लांबी फासली, आणि मग आपल्या हौदातून भिंतीवरून पाईप टाकून टब भरून दिला. तासभर थांबून दोघांनी पाहिलं. थेंब नाही. ते म्हणाले, आता हे जन्मात सुटणार नाही.

पाणी मी उपकार म्हणून घेतलेलं नाही, नुकसानभरपाई म्हणून घेतलं आहे. हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो की." ह्या माणसाला अपमान कळत नाही, म्हणून त्याच्याशी भांडण टिकत नाही.

आश्रमाला फोन केला नाही.

२२ मे, शुक्रवार

यशपालचा फोन. जेवलीस का, ऊन किती, वगैरे. मग अगदी सहज, "आई, मागच्या पॅसेजची रुंदी किती आहे गं? टेपने मोजून सांगशील?"

मापं घेतोय. म्हणजे गोष्ट माझ्या खोलीपुरती राहिली नाही, घराची किंमत काढणं सुरू झालं आहे. मी मोजलं. तीन फूट दोन इंच. तीन फूट सहा सांगितलं. विकायचं असेल तर निदान नीट किमतीला तरी जावं.

आयुष्यात दुसऱ्यांदा अर्धं खरं बोलले. सिस्टर आता नाहीत.

उद्या भंगारवाला. भावनेचा प्रश्नच नाही. मी जीप निर्लेखित केलेली बाई आहे.

२३ मे, शनिवार

रहिमतुल्ला वीस वर्षं ह्या कॉलनीत हातगाडी फिरवतो. सरळ माणूस आहे, रद्दी कधी कमी जोखत नाही. पॅसेजमध्ये गेला, झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मॅडम, इसमें पानी है."

मी म्हटलं, माहीत आहे.

"खाली करना पडता ना. भरा हुवा कैसा उठाव?"

मी त्याला समजावलं की हे परवापर्यंतचं पाणी आहे, ते मोरीत ओतणं शक्य नाही. ते त्याला लगेच पटलं, त्याच्याही घरी तेच. म्हणाला, "हौ, पानी कैसा फेकेंगे." मग दोघांनी ठरवलं की त्याने पंचवीसला सकाळी आठला यावं. त्या दिवशी टब रिकामा झालेला असेल. पाणी सहालाच येईल, पण नागव्वाला मी ताकीद देईन की टब भरायचा नाही.

इतकी साधी गोष्ट. लोक नियोजन करत नाहीत.

२५ मे, सोमवार. सकाळी ८.४०

नागव्वाला कालच बजावलं होतं. तिने ऐकलंही. पिंप, बादल्या, हंडे, कुकर, पुरणाचं पातेलं भरलं आणि टबाला हात न लावता पदराला हात पुसत उभी राहिली. "झालं आक्का."

नळ मात्र चालूच होता. आणि आज काय दाब होता. एरवी करंगळीएवढी धार, आज मनगटाएवढी. सगळी भांडी भरलेली, धार चालू, पाणी मोरीत चाललेलं, आणि शेजारी रिकामा टब आ वासून उभा. नागव्वा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. पाईप उचलून टबात सोडला तो माझ्या हाताने. पाणी वाया जाताना बघत राहणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

आठला रहिमतुल्ला आला. झाकण उघडलं. "फिर भरे?"

मी म्हटलं, आज दाब चांगला होता. तो म्हणाला, "हौ, हमारे यहाँ भी." बराच वेळ दोघेही पाण्याकडे बघत उभे राहिलो. जाताना म्हणाला, "मॅडम, ये मशीन कायकू बोलते. हौद बोलो."

एकोणतीसला दुपारी ये म्हणून सांगितलं. पुढचं पाणी तीसला. एकोणतीसला टब रिकामा असणार, भरायला पाणीच नसणार. मला माझ्यापासून सुद्धा धोका नाही.

२७ मे, बुधवार

एकतीसला बोलायचं भाषण लिहायला घेतलं. मुद्दे चार. पहिला, हे घर माझ्या नावावर आहे. दुसरा, माझी साखर आणि बीपी दोन्ही प्रतिक्षापेक्षा बरे आहेत. तिसरा, नागव्वा. तिसऱ्या मुद्द्यात फक्त "नागव्वा" एवढंच लिहून झालंय. चौथा, शेवट इंग्रजीत करायचा, म्हणजे आपली आई कॉन्व्हेंटमध्ये शिकली आहे हे यशपालला आठवेल.

संध्याकाळी यशपालचा फोन. "मशीन गेलं का?" मी म्हटलं, प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे.

२९ मे, शुक्रवार. दुपारी ४

टब रिकामा. शेवटचा मगा मी स्वतः तुळशीला घातला. रहिमतुल्ला वेळेवर आला, मशीन एकट्याने तिरकं करून अंगणापर्यंत आणलं. हलकं होतं. इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

मग त्याने गाडीतून हातोडा काढला. मी विचारलं, हे काय. म्हणाला, आख्खं गाडीवर मावत नाही. मोटर काढायची, त्यात तांबं आहे. बाकी पत्रा आणि प्लास्टिक वेगळं. "दस मिनट का काम है." आणि झाकणावर एक घाव घातला. बरोबर पोच्यावर.

मी थांब म्हणाले. दारात असला आवाज चालणार नाही, दुपारची वेळ, आजूबाजूला लोक झोपलेले असतात, असं सांगितलं. गॅलरीत प्रभुलिंग पूर्ण जागे उभे होते. रहिमतुल्लाने हातोडा खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि अगदी आदराने म्हणाला, "मॅडम, आपको देना है या नहीं देना है, पहले वो तय करो."

काय उद्धटपणा. मी त्याला सरबत दिलं. मोकळ्या हाताने जाऊ नये म्हणून तीन वर्षांची रद्दी, दोन छत्र्या आणि ह्यांची बंद पडलेली इस्त्री दिली. मशीन त्यानेच परत पॅसेजमध्ये ठेवून दिलं. माझ्या सांगण्यावरून थोडं भिंतीकडे, म्हणजे दार अडत नाही.

३० मे, शनिवार. पाण्याचा दिवस

सकाळी उपाय सुचला आणि बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा अर्थ कळला. वस्तू हलवावी लागत नाही. नोंद हलवावी लागते.

जुन्या वहीत रीतसर लिहिलं: "वॉशिंग मशीन, नग एक, निकामी, निर्लेखित. पाणी साठवण टाकी, नग एक, जमा." खाली सही. मग प्लग कापून टाकला, वरून भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला आणि त्यावर मनीप्लांट ठेवला. नागव्वाने मनीप्लांट उचलला, टेबलक्लॉथ दुमडला, झाकण उघडलं, टब भरला, सगळं पुन्हा होतं तसं ठेवलं. म्हणाली, "आता नवरीगत दिसतंय."

यशपालला मेसेज केला: मशीन आता घरात नाही.

हे शब्दशः खरं आहे. भाषणाचे कागद ब्लाउजमध्ये. उद्या काय व्हायचं ते होवो, ह्या घरातून मला कोणी हलवणार नाही.

३१ मे, रविवार. रात्री ८

मुलगा-सून अकराला आले. प्रतिक्षाने साडी आणली. चांगली आहे. मी सावध होते.

जेवायला भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. यशपालने दुसरी भाकरी घेतली तेव्हा मी कागद न काढता, पाठच, सुरू केलं. हे घर माझ्या नावावर आहे. माझी साखर उत्तम आहे. नागव्वा आहे. मी पुण्याला येणार नाही आणि ह्यावर चर्चा होणार नाही. शेवट इंग्रजीत केला, उच्चारही शाळेतले लागले.

यशपालचा घास हातातच राहिला. "पुण्याला? कशाला?"

मी म्हटलं, आव आणू नकोस. तूच म्हणालास, पुढचं काय ते बघू. पॅसेजचं माप घेतलंस.

त्याने प्रतिक्षाकडे बघितलं. तिने ताटाकडे. मग ती म्हणाली, "आई, ती खोली आता माझं ऑफिस आहे. दिवाळीलाच केली. ह्याने सांगितलं नाही तुम्हाला?" ह्याने सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, छान केलं, ऑफिस हवंच. भाकरी वाढू का, असंही विचारलं.

दीडला दारात पिकअप आली. त्यात वॉशिंग मशीन. त्यांचं, जुनं, समोरून दार असलेलं. त्यांनी नवीन घेतलं आहे. यशपाल म्हणाला, "एक्स्चेंजवाले ह्याला हात लावेनात. भंगारात द्यायला जिवावर आलं. प्रतिक्षा म्हणाली, आईंचं जाणारच आहे, त्यांच्या पॅसेजमध्ये बसेल. तेच बघायचं होतं." दोष एकच म्हणे. कधी कधी दार उघडत नाही, कपडे दुसऱ्या दिवशी मिळतात.

मग दोघे मशीन उचलून पॅसेजमध्ये गेले आणि थबकले. यशपालने मनीप्लांट उचलला. टेबलक्लॉथ उचलला. "आई. हे तेच आहे."

मी म्हटलं, ती टाकी आहे.

त्याने झाकण उघडलं, पाण्याकडे बघितलं, बाजूचा मगा घेऊन तोंडावर पाणी मारलं. पुन्हा एक मगा घेतला, मानेवर ओतला. गार लागलं असावं.

त्यांचं मशीन माझ्या बेडरूममध्ये, खिडकीखाली ठेवलं आहे. तात्पुरतं.

चारला निघाले. त्याला उद्या ऑफिस, तिलाही. तिचं तर घरातच आहे आता.

१ जून, सोमवार

नागव्वाने पुण्याचं मशीन चारी बाजूंनी बघितलं. म्हणाली, "ह्याचं तोंड समोर हाय की. पाणी कसं ऱ्हाईल ह्यात?"

वैरागच्या मल्लप्पांना फोन केला. म्हटलं, एक मशीन आहे, चालू, पुण्याचं, आलं धुवा नाहीतर काय हवं ते धुवा. ते म्हणाले, दार समोर म्हणजे आलं बाहेर पडणार, ते नको. "पण ताई, ते पाणी न सोडणारं हाय का अजून?" मी म्हटलं, ते द्यायचं नाही. आवाज जरा मोठा झाला असावा. नागव्वाने वळून बघितलं.

दुपारी त्याच्यावर बसून पेपर वाचला. भरलेलं होतं, प्लग कापलेला. हललं नाही.

नोंदीसाठी लिहून ठेवते. पुण्याला मी गेले नसतेच. हे आधीपासून ठरलेलं होतं. त्यांनी विचारलं असतं तर एका वाक्यात नाही म्हणून मोकळी झाले असते. वाक्य तयार होतं.

विचारलं असतं तर.